प्लाझ्मा (द्रव्याची अवस्था)

प्लाझ्मा किंवा आयनद्रायू ही घन, द्रव व वायू यांच्यानंतरची द्रव्याची चौथी अवस्था होय. वायूला पुरेशी ऊर्जा मिळाल्यास त्याच्या अणूंतील काही इलेक्ट्रॉन सुटे होतात व धन आयन मागे उरतात. या मिश्रणाचा एकूण विद्युतभार जवळजवळ शून्य असतो. तथापि ते वीज वाहून नेते आणि चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते. ‘प्लाझ्मा’ हे नाव अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिले. रक्तातील प्लाझ्माशी या अवस्थेचा संबंध नाही.

निसर्गातील आढळ

सूर्य व तारे प्लाझ्माचे बनलेले आहेत. आकाशात चमकणारी वीज आणि वातावरणातील आयनांबर ही पृथ्वीजवळची उदाहरणे होत.

विजयदुर्ग आणि १८६८ चे सूर्यग्रहण

१८ ऑगस्ट १८६८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सन यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या; त्यावरून या ज्वाला तप्त वायूच्या असल्याचे ठरले. सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राने तोलून धरलेला प्लाझ्मा, असे त्यांचे स्वरूप आज मानले जाते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. नॉर्मन लॉकयर यांनी तेथून हे ग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला, अशी स्थानिक समजूत असून १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिन साजरा होतो. लॉकयर यांचे नोंदलेले निरीक्षण मात्र २० ऑक्टोबर १८६८ चे, इंग्लंडमधील व ग्रहणाविना केलेले आहे. वर्णपटातील पिवळी रेषा सोडियमची नसल्याचे ओळखून नव्या मूलद्रव्याला हेलियम हे नाव देण्यात आले. पृथ्वीवर ते विल्यम रॅम्झी यांना १८९५ मध्ये युरेनियमयुक्त खनिजातून मिळाले.

उपयोग

प्रत्येक मूलद्रव्य उत्तेजित झाल्यावर ठरावीक रंगांचा प्रकाश देते. नियॉन दिव्यांचा तांबडा रंग याच तत्त्वावर मिळतो. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेचा प्लाझ्मा अतिनील किरण सोडतो आणि नळीच्या आतील लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. धातूचे पत्रे कापणे, यंत्रभागांवर टिकाऊ लेप चढवणे व संगणकीय चिपवर सूक्ष्म रचना कोरणे यांसाठीही प्लाझ्मा वापरतात.

अणुसंमीलनातून वीज मिळवण्यासाठी कोट्यवधी अंश तापमानाचा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडावा लागतो, कारण कोणत्याही पात्राची भिंत त्याचा स्पर्श सहन करू शकत नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये ‘आदित्य’ हे भारतीय बनावटीचे टोकामॅक यंत्र कार्यान्वित झाले.