नियंत्रणस्थान (मानसशास्त्र)

आपल्या बाबतीत जे घडते ते आपल्या कृतीमुळे घडते, की नशीब, योगायोग वा इतरांच्या मर्जीमुळे, याविषयी व्यक्तीच्या मनात रुजलेल्या सर्वसाधारण धारणेला व्यक्तिमत्त्व मानसशास्त्रात नियंत्रणस्थान म्हणतात. पहिल्या धारणेला ‘अंतर्गत’, तर दुसरीला ‘बाह्य’ नियंत्रणस्थान असे नाव आहे. हे माणसांचे दोन प्रकार नव्हेत, एकाच पट्टीची दोन टोके होत. बहुतेक माणसे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतात.

उगम व मापन

ही संकल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर (१९१६–२०१४) यांच्या सामाजिक अध्ययन सिद्धांतातून पुढे आली. केवळ बक्षीस मिळाल्याने वर्तन दृढ होत नाही. ते आपल्या कृतीमुळे मिळाले असे व्यक्तीला वाटावे लागते, हा तिचा गाभा. १९६६ मध्ये रॉटर यांनी २९ विधान-जोड्यांची मापनी प्रसिद्ध केली. प्रत्येक जोडीतून एक विधान निवडायचे असते. सहा जोड्या केवळ चाचणीचा हेतू झाकण्यासाठी असल्याने गुण उरलेल्या २३ जोड्यांनाच मिळतात. गुण जितके अधिक, तितके नियंत्रणस्थान बाह्य. अधिक गुण म्हणजे सरस, अशी सवय झालेल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कामाच्या ठिकाणी

नोकरी, बढती, वेतन यांविषयीच्या धारणा मोजण्यासाठी पॉल स्पेक्टर यांनी १९८८ मध्ये १६ विधानांची स्वतंत्र मापनी तयार केली. टिमोथी जज व जॉयस बोनो यांनी २००१ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात अंतर्गत नियंत्रणस्थानाचा कार्यसमाधानाशी ०.३२, तर कार्यक्षमतेशी ०.२२ इतका सहसंबंध आढळला. हे आकडे माफक आहेत, शिवाय सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. वेळेवर बढती मिळत गेलेल्या कर्मचाऱ्याला प्रयत्नांचे फळ मिळते असे वाटू लागणे स्वाभाविकच आहे.

गैरसमज

मराठीत ही संकल्पना समजावताना प्रयत्नवाद व दैववाद ही जोडी सहज आठवते. ती सोयीची असली तरी फसवी आहे. हॅना लेव्हन्सन यांनी १९७०च्या दशकात ‘बाह्य’ या एकाच कप्प्याचे दोन भाग केले: एक ‘योगायोग’ आणि दुसरा ‘सामर्थ्यवान इतर’. आपली मुदतवाढ मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून आहे, असे सांगणारा कंत्राटी कामगार दैववादी नसतो. बहुधा तो वस्तुस्थितीच सांगत असतो. त्याची धारणा बदलण्यासाठी प्रशिक्षण देऊन कंत्राटाच्या अटी मात्र तशाच ठेवणे म्हणजे परिस्थितीचा दोष व्यक्तीच्या माथी मारणे होय. अंतर्गत ते चांगले व बाह्य ते वाईट असे समीकरण मांडू नये, असे खुद्द रॉटर यांनीही १९७५ मधील लेखात बजावले होते. त्यांच्या सिद्धांतानुसार सर्वसाधारण धारणेचा प्रभाव अनोळखी वा संदिग्ध परिस्थितीत अधिक असतो. परिचित कामात प्रत्यक्ष अनुभवच वरचढ ठरतो. त्यामुळे नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याच्या वर्तनाविषयी ही मापनी जितके सांगू शकते, तितके त्याच कामात वर्षे घालवलेल्या कर्मचाऱ्याविषयी सांगू शकेलच असे नाही.