स्त्री-स्खलन: जुना प्रश्न, अर्धवट उत्तर

समागमाच्या वेळी अंथरूण ओले झाले की अनेक जणी घाबरतात. लघवी झाली का? काही आजार आहे का? खडवलीसारख्या गावात हे डॉक्टरांना विचारायलाही संकोच वाटतो.

वाचकहो, हा प्रश्न जुना आहे. स्त्रीचे कामसुख पुरुषासारखेच असते का, यावर कामसूत्रातही मतभेद नोंदलेले आहेत. १६७२ मध्ये डच वैद्य द ग्राफ यांनी स्त्रीच्या मूत्रमार्गाभोवतीच्या ग्रंथींची तुलना पुरुषाच्या प्रोस्टेटशी केली. १८८० मध्ये स्कीन यांनी त्यांच्या नलिकांचे वर्णन केले.

आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे दिली. त्यासाठी खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. दंड झाला, तरी मासिक १९५३ पर्यंत चालले.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात सात स्त्रियांची सोनोग्राफी झाली. भरपूर, पाण्यासारखा द्रव मूत्राशयातूनच येतो, असे दिसले. थोडासा, दुधट द्रव मात्र स्कीन ग्रंथींचा मानतात. प्रमाण आणि प्रयोजन यांवर वाद सुरूच आहे.

दोन्ही गोष्टी आजार नाहीत. न होणे हेही नॉर्मल आहे. मात्र जळजळ, दुर्गंधी, रक्त किंवा खोकताना लघवी गळत असेल, तर जरूर तपासून घ्या.