मेलेल्या जनावराचा धनी कोण?

विलेपार्ल्याच्या दोन अंगांनीं दोन मोठे रस्ते उत्तरेकडे जातात. पश्चिमेचा रस्ता सांप्रत स्वामी विवेकानंदांच्या नांवानें ओळखला जातो. पूर्वीं त्यास घोडबंदर रस्ता म्हणत. पूर्वेचा तो पश्चिम द्रुतगति महामार्ग. हा दुसरा रस्ता अंधेरी, गोरेगांव मागें टाकून बोरिवलीस पोहोंचतो, तेव्हां त्याच्या उजव्या हातास राष्ट्रीय उद्यानाचें रान लागतें. श्वापदांस शहराची सीमा कळत नाहीं. रात्रीं रस्ता ओलांडतांना एखादें मुंगूस किंवा उदमांजर मोटारीखालीं सांपडतें, आणि क्वचित् बिबट्याचाहि असा बळी जातो. सकाळीं आपण त्याच वाटेनें जातों, तेव्हां तें कलेवर कोणीतरी उचललेलें असतें, नाहीं तर कावळ्यांनीं व घारींनीं संपवीत आणलेलें असतें. तें कोणाचें होतें, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. इतिहासांत मात्र याच प्रश्नावर धर्मकारांनीं निर्णय दिले, राज्यांनीं कायदे केले, आणि आपल्या महाराष्ट्रांत तर त्यापायीं एका मोठ्या समाजाचें जिणें जखडून गेलें. म्हणून या विषयाचा थोडा ऊहापोह करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील कांहीं संस्थानांनीं हा प्रश्न अलीकडे अगदीं व्यवहारी रीतीनें सोडविला आहे. माँटाना संस्थानांत २०१३ सालीं झालेल्या कायद्यान्वयें मोटारीच्या धक्क्यानें मेलेलें हरिण किंवा मूस घरीं नेतां येतें. मात्र २४ तासांच्या आंत परवाना घ्यावा लागतो. वॉशिंग्टन संस्थानानें २०१६ सालीं व ऑरेगॉननें २०१९ पासून तशीच मोकळीक दिली. ऑरेगॉनांत शिंगें व डोकें तेवढें सरकारजमा करावें लागतें. अलास्कांत असें जनावर प्रथम सरकारचें मानितात. पण मूस म्हणजे प्रचंड सांबर, त्याचें मांस शेंकडों रत्तल भरतें. तें फुकट जाऊं नये म्हणून पोलीस धर्मादाय संस्थांस वर्दी देतात व त्या येऊन तें घेऊन जातात. ईश्वरानें दिलेलें अन्न वायां दवडूं नये, ही काटकसरीची बुद्धि यामागें आहे, आणि असें मांस नेणारास त्यांत कांहीं कमीपणा वाटत नाहीं.

आपल्याकडील कायदा याहून निराळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ३९ व्या कलमाप्रमाणें मेलेलें आढळलेलें किंवा चुकून मारलें गेलेलें वन्य जनावर ही सरकारची मालमत्ता होय. तें ज्याच्या हातीं येईल त्यानें ४८ तासांच्या आंत पोलीसठाण्यास किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यास खबर दिली पाहिजे. बिबट्या मेला तर वनखात्याचे लोक पंचनामा करितात, पशुवैद्य शवाची तपासणी करितात, आणि कातडें व नखें बाजारांत जाऊं नयेत म्हणून देह जाळून टाकितात. यांतील तर्क उघड आहे. सांपडलेलें मांस सांपडणाराचें असें एकदां ठरलें, म्हणजे प्रत्येक चोरटा शिकारी आपली शिकार रस्त्यावर सांपडली असें म्हणूं लागेल. ज्या देशांत रानें आकसत चाललीं आहेत त्यास अमेरिकन उदारपणा परवडणार नाहीं. तेव्हां कायदा योग्यच आहे असें आमचें मत आहे.

प्राचीनांनीं मात्र या प्रश्नाकडे दोन निरनिराळ्या दृष्टींनीं पाहिलें. एक दृष्टि शुद्धाशुद्धतेची. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत कुत्र्यांनीं व इतर मांसभक्षक पशूंनीं मारलेल्या जनावराचें मांस शुद्ध गणिलें आहे. उलट कुराणांत पडून, मार लागून, शिंग लागून किंवा श्वापदानें धरून मेलेलें जनावर निषिद्ध आहे. त्यांत धुगधुगी असतांना तें विधिपूर्वक कापलें गेलें तरच तें चालतें. दुसरी दृष्टि मालकीची. बौद्धांच्या विनयपिटकांत असा प्रसंग आला आहे कीं, गृध्रकूट पर्वतावरून उतरणाऱ्या भिक्षूंस सिंहानें खाऊन टाकलेल्या सावजाचे अवशेष दिसले. ते शिजवून त्यांनीं खाल्ले, आणि मग आपणांस चोरीचें पाप लागलें कीं काय, अशी शंका त्यांस आली. पशूच्या ताब्यांतील वस्तु घेण्यांत चोरीचा दोष नाहीं, असा निर्णय बुद्धांनीं दिला. ज्या रानाच्या कडेनें आज आपला महामार्ग जातो त्याच रानांत कान्हेरीचीं लेणीं आहेत. तेथील भिक्षूंसहि असा पेच कधीं पडला असेल, अशी कल्पना करण्यास हरकत नाहीं.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत बोलका निर्णय ज्यू धर्मशास्त्राचा आहे. आपोआप मेलेलें जनावर तुम्ही खाऊं नका. तें तुमच्या वेशीच्या आंत राहणाऱ्या उपऱ्यास द्या किंवा परक्यास विका, असें त्यांत सांगितलें आहे. आपणांस जें अयोग्य तें परक्यास योग्य, ही ती वृत्ति. आपल्या खेड्यांनीं हेंच केलें. मात्र त्यांत एक भयंकर भर घातली. त्यांनीं परका बाहेरून येण्याची वाट पाहिली नाहीं. गांवकुसाबाहेर तो पिढ्यान् पिढ्या बसवून ठेविला.

येथवर आम्ही रानांतल्या पशूंविषयीं बोललों. खेड्यांत मेलेलें जनावर म्हणजे मुख्यतः गाय, बैल, म्हैस. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत बलुतेदारीचें जें वर्णन आहे, त्यावरून त्या व्यवस्थेची कल्पना येते. गोठ्यांत बैल मेला कीं धनी महारवाड्यांत निरोप धाडी. महारांनीं येऊन तें ओढून गांवाबाहेर न्यावें व सोलावें. मोबदला म्हणून मांस त्यांचें, आणि कातडें ज्या त्या गांवच्या वहिवाटीप्रमाणें. महारांचे म्हणून जे बावन्न हक्क परंपरेनें सांगतात, त्यांत मेलेल्या ढोरांवरचा हक्क हाहि धरीत. मांसाचे वांटे पडत. उरलेल्याच्या पट्ट्या कापून उन्हांत वाळवीत. या चान्या पावसाळ्यांतल्या उपासाच्या दिवसांत उपयोगीं पडत. दया पवार यांचें ‘बलुतं’ (१९७८) किंवा शाहू पाटोळे यांचें ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस या अन्नामागची भूक आम्हीं वेगळी सांगण्याची गरज नाहीं.

यास गांव ‘हक्क’ म्हणे. पण जो सोडतां येत नाहीं त्यास हक्क म्हणावें काय? महारानें मांस नको म्हटलें तरी ढोर ओढणें त्यास चुकत नव्हतें. हक्क हें वरचें नांव होतें; आंत होतें तें ओझें, आणि मांस ही त्या ओझ्याची मजुरी होती. शिवाय ही मजुरी घेतली म्हणूनच तो अशुद्ध ठरे, आणि अशुद्ध म्हणूनच पुन्हा हें काम त्याच्याकडे येई. या चक्रास शेवट नव्हता.

तें चक्र मोडण्याचा पुकारा १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें झाला. त्या परिषदेचें नांव निघालें कीं चवदार तळ्याचें पाणी आठवतें, व तें योग्यच आहे. परंतु मृत मांस खाण्याचें सोडून द्यावें हा उपदेशहि तेथें झाला होता, याकडे तितकें लक्ष जात नाहीं. वास्तविक या दोन गोष्टी एकाच स्वाभिमानाचीं दोन रूपें होत. जें नाकारलें होतें तें घ्यावयाचें, आणि जें माथीं मारलें होतें तें टाकावयाचें. पुढें अनेक गांवीं महारांनीं ढोरें ओढण्याचें बंद केलें, आणि गांवकऱ्यांनीं त्यांस बहिष्काराचें शासन केलें. जो गांव त्या मांसामुळें त्यांस हीन लेखीत होता, तोच गांव त्यांनीं तें सोडतांच संतापला. यावरून खरा प्रश्न शुद्धीचा नसून सेवेचा होता हें सिद्ध होतें.

त्या काळीं हिशेबाचीहि भाषा निघाली. डॉ. आंबेडकरांनीं ऑक्टोबर १९५६ मधील नागपूरच्या भाषणांत ही हकीकत सांगितली आहे. मेलेल्या जनावरांचें कातडें, शिंगें, हाडें व मांस यांपासून होणारें उत्पन्न महार व्यर्थ बुडवीत आहेत, असा युक्तिवाद ‘केसरी’तून कोणी केला होता, त्यावर, एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच कां घेत नाहीं, असें त्यांचें उत्तर होतें. या उत्तरास प्रत्युत्तर नव्हतें. अस्पृश्य मूळचे कोण होते याविषयींच्या १९४८ च्या इंग्रजी ग्रंथांत तर त्यांनीं मृत गाईच्या मांसभक्षणाचा संबंध अस्पृश्यतेच्या उगमाशींच जोडला आहे. तो सिद्धान्त सर्व विद्वानांनीं मान्य केला आहे असें नाहीं. पण प्रश्नाचें मर्म कोठें आहे हें त्यानें दाखविलें. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द करणारा कायदा मुंबई राज्यांत १९५८ सालीं झाला, तेव्हां या सेवेचा कायदेशीर आधारहि गेला.

आतां माँटाना आणि महाड हीं एकमेकांजवळ ठेवून पाहावीं. अन्न वायां जाऊं नये हा युक्तिवाद दोन्हीकडे तोच आहे. तरी एकीकडे तेंच मांस काटकसरीचें ठरतें व दुसरीकडे अप्रतिष्ठेचें, असें कां व्हावें? कोणी म्हणेल, हा केवळ संवयीचा भेद आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. तेथें मनुष्य स्वतः जाऊन परवाना मागतो, आणि उद्यां न मागण्यास तो मोकळा असतो. येथें जन्मानेंच परवाना दिलेला असे, आणि तो परत करण्याची सोय नसे. मांस तेंच, पण नको म्हणण्याची मुभा एकास आहे, दुसऱ्यास नव्हती. म्हणून तिकडील चाल कौतुकानें वाचतांना इकडील लोकांनीं ती कां टाकली हें न विसरणेंच शहाणपणाचें होय.

हा सारा जुना इतिहास झाला असें मानणेंहि बरोबर नाहीं. जुलै २०१६ मध्यें गुजरातेंत उना येथें मेलेल्या गाईचें कातडें काढणाऱ्या दलित तरुणांस अमानुष मारहाण झाली. त्यानंतर तेथील दलितांनीं मेलेलीं ढोरें उचलण्याचें नाकारलें, आणि सुरेंद्रनगर येथें तीं सरकारी कचेरीपुढें नेऊन टाकलीं. महाडचाच धडा नव्वद वर्षांनीं पुन्हा गिरवावा लागला.

आणि आपलें विलेपार्लें? येथें मेलेल्या मुंगसाचें मांस कोणी खात नाहीं, आणि त्याची मालकी सरकारकडे गेली आहे. म्हणजे जुन्या व्यवस्थेंतला हक्क कोणाकडेच उरला नाहीं. उरलें आहे तें उचलण्याचें काम. रस्त्यावरचें मेलेलें कुत्रें, मांजर, घूस पहांटे कोण उचलतो? महापालिकेचा सफाई कामगार. मुंबईच्या सफाई खात्यांत दलित समाजांतील लोकांचा भरणा केवढा आहे, हें कोणासहि ठाऊक आहे. त्यास आज पगार मिळतो, कायद्याचें संरक्षण आहे, हा फरक लहान नाहीं. परंतु ज्या हातांनीं महाड येथें ओझें टाकण्याचा निश्चय केला, त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांच्या हातीं तें शहरानें पुन्हा दिलें असेल, तर मालकीचा प्रश्न सुटला एवढ्यावर आपणांस स्वस्थ बसतां येणार नाहीं. मेलेल्या जनावराचा धनी कोण, हें कायद्यानें ठरविलें आहे. तें उचलावें कोणीं, हें मात्र अजून बव्हंशीं जन्मच ठरवीत आहे. आणि त्याचा जाब सरकारनें नव्हे, तर त्या स्वच्छ रस्त्यावरून सकाळीं स्टेशनाकडे जाणाऱ्या आपणां सर्वांनीं द्यावयाचा आहे.