ज्याचे त्यानेच करावयाचे काम

आज्ञा देणे सोपे. ती कोणी पाळावयाची, हे ठरविणे मात्र तितके सोपे नाही. संगणकाच्या इतिहासातील एक लहानसा प्रसंग याची साक्ष देतो.

१९६९ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स प्रणालीची उभारणी आरंभली. टंकलेली आज्ञा वाचून ती अमलात आणविणारा जो प्रोग्रॅम, त्याला ‘शेल’ म्हणजे कवच म्हणतात. हे नाव त्यापूर्वी लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्याने योजिले होते.

आरंभी शेल आपली जागा आज्ञेच्या प्रोग्रॅमला देई आणि काम संपताच त्याच जागी परत येई. पुढे नवी योजना निघाली. शेलने स्वतःची एक प्रतिकृती निर्माण करावी, त्या अपत्याने आज्ञा पाळून नाहीसे व्हावे, आणि शेलने तोवर वाट पाहावी. या ‘फोर्क’ नावाच्या सोयीला यंत्रभाषेच्या अवघ्या २७ ओळी पुरल्या.

आनंदीआनंद झाला, पण लगेच ध्यानात आले की, ‘चेंज डिरेक्टरी’ ही आज्ञा चालेनाशी झाली आहे. डिरेक्टरी म्हणजे फायलींचा कप्पा. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्याची ही आज्ञा. पुष्कळ शोधाअंती उलगडा झाला. अपत्य इमानाने नव्या कप्प्यात जात होते आणि तेथेच संपत होते. शेल मात्र जागचा हलत नव्हता! गड्याला पुण्यास धाडल्याने मालक पुण्यास पोहोचत नाही. अखेर ही आज्ञा शेलच्या पोटातच घालावी लागली.

येथून आज्ञांचे दोन वर्ग स्पष्ट झाले. फायलींची यादी देणे, मजकूर जुळविणे ही कामे बाहेरच्या प्रोग्रॅमांनी करावी. शेलची स्वतःची स्थिती पालटणारी कामे शेलनेच करावी. ‘जर-तर’चा निर्णय करणारी ‘इफ’ ही आज्ञाही प्रथम बाहेरचीच होती. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांच्या शेलने तिला आत घेतले. पुढे ‘एको’सारख्या काही आज्ञा केवळ वेळ वाचावा म्हणून आत आल्या, कारण प्रत्येक अपत्याच्या जन्माला काही वेळ खर्ची पडतोच. परंतु सोयीसाठी आत घेणे वेगळे आणि गत्यंतर नाही म्हणून आत घेणे वेगळे.

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. बरीच कामे दुसऱ्यावर सोपविता येतात. स्वतःची जागा बदलावयाची तर मात्र स्वतःलाच उठावे लागते. यंत्रही या नियमाला अपवाद ठरले नाही.