दोन ठिणग्यांचा खटला

पल्सरच्या इंजिनात स्पार्क प्लग दोन. पुण्याच्या बजाज ऑटोने जुलै २००२ मध्ये या रचनेसाठी अर्ज केला आणि जुलै २००५ मध्ये तिला पेटंट मिळाले. लहान इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी असले की ज्वाला मंद पसरते; दोन बाजूंनी ठिणगी पडली की मिश्रण लवकर जळते व इंधन वाचते. बजाजचा दावा ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरपुरताच होता.

२००७ मध्ये टीव्हीएसने ‘फ्लेम’ जाहीर केली. तिच्यातही प्लग दोनच, मात्र झडपा तीन. दोन्ही कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात समोरासमोर आल्या. टीव्हीएसचे म्हणणे असे, की दोन प्लगांचे इंजिन होंडाच्या जुन्या अमेरिकन पेटंटात आहेच. ते लहान सिलिंडरला बसवणे कोणत्याही जाणकाराला सुचले असते.

ही कसोटी भारतात रुजली ती भांड्यांच्या एका खटल्यातून. मिर्झापूरच्या एका कारखान्याकडे लेथवर भांडे धरून ठेवणाऱ्या साधनाचे १९५१ चे पेटंट होते. ही तर कारखान्यातली किरकोळ सुधारणा, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये ते अवैध ठरवले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. भिवंडीतला यंत्रमागाचा मिस्त्री हाताशी असेल त्यातून मागात बदल करतो. तशा प्रत्येक बदलावर कुणी मालकी सांगितली, तर त्याने पाना तरी कसा उचलावा? पण उलट बाजूही आहे. उत्तर समोर आल्यावर प्रत्येक कोडे सोपेच वाटते. दोन प्लग इतके उघड होते, तर आधी कुणी ते लहान मोटारसायकलला का लावले नाहीत?

एकल न्यायाधीशांनी फेब्रुवारी २००८ मध्ये बजाजच्या बाजूने मनाई हुकूम दिला. टीव्हीएसने मग एकाच प्लगची फ्लेम बाजारात आणली. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो हुकूम उठवला. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा देऊन हिशेब ठेवण्यास सांगितले. शिवाय असे दावे रोज सुनावणी घेऊन शक्यतो चार महिन्यांत निकाली काढावेत, असे सर्वच न्यायालयांना बजावले.

चार महिने तर सोडाच, दहा वर्षे गेली. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. पेटंटची मुदत संपायला तेव्हा तीनच वर्षे उरली होती, आणि दुसरा प्लग उघड होता की नव्हता, याचा अंतिम निवाडा झालाच नाही.