'लाइट अँड साउंड सिस्टिम, एक संच'

आपल्या गावच्या नाट्यगृहाच्या नूतनीकरणाची चर्चा सध्या सगळीकडे चालू आहे. खुर्च्या कोणत्या रंगाच्या, एसी किती टनांचा, दर्शनी भागाला काच की दगड, यावर प्रत्येकाचं मत आहे. चांगली गोष्ट आहे. पण अंदाजपत्रकाची प्रत हातात आली तेव्हा मी आधी रंगमंचाचं पान शोधलं. तिथे दिवे आणि ध्वनी मिळून एकच ओळ आहे: 'लाइट अँड साउंड सिस्टिम, एक संच'. किती दिवे, कुठे टांगायचे, चालवणार कोण, काहीही नाही. गेली वीसेक वर्षं मी हौशी नाटकांना लाइट करतोय, म्हणून या एका ओळीबद्दल जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात सांगलीपासून करू. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी तिथे 'सीता स्वयंवर'चा प्रयोग केला. तेव्हा वीज सोडाच, रॉकेलचे दिवेसुद्धा बाजारात यायचे होते. उजेड तेलाचा. समया, पणत्या, दिवट्या, मशाली. त्या काळच्या लोककलांमध्ये मशाल धरणारा माणूस नटाच्या जवळ उभा राहायचा, गरज पडली की त्याच्याबरोबर सरकायचा. आज ज्याला आपण 'फॉलो स्पॉट' म्हणतो, ते काम तो हाताने करत होता. कुणाचा चेहरा कधी दिसला पाहिजे हे त्याला माहीत असायचं, म्हणजे त्याला खेळ पाठ असायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर रॉकेल आलं आणि त्यामागोमाग गॅसबत्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नाटक कंपन्यांच्या आठवणी वाचल्यात तर 'किटसनच्या बत्त्या' हा शब्द हमखास भेटतो. रॉकेल दाबाखाली तापवून त्याची वाफ करायची आणि ती मेंटलच्या जाळीत जाळायची, असं ते तंत्र. उजेड पांढरा आणि भरपूर. पेट्रोमॅक्स त्याच जातीची, ती तर आपल्यापैकी अनेकांनी गणपतीत आणि लग्नाच्या वरातीत पाहिली आहे. पण या बत्तीला हवा भरावी लागते, मेंटल फाटलं की बदलावं लागतं, आणि ती सतत सूं-सूं आवाज करते. मुख्य म्हणजे ती हवी तेव्हा मंद करता येत नाही आणि क्षणात विझवून पुन्हा पेटवताही येत नाही. त्यामुळे त्या नाटकांमध्ये प्रवेश संपला की अंधार होत नसे, पडदा पडायचा. रंगवलेले पडदे, भडक रंगभूषा, भरजरी कपडे हे सगळं त्या सरसकट उजेडात खुलून दिसायचं. उजेड जसा, तसं नाटक.

1 जुलै 1933 ला मुंबईत 'नाट्यमन्वंतर'नं 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं. ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिलं होतं. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरी वाटणारी खोली, स्त्री-भूमिकेत ज्योत्स्नाबाई भोळे, आणि घरात बोलावं तसं बोलणं. असं नाटक करायचं तर खिडकीतून संध्याकाळ आत यावी लागते. ते काम गॅसबत्तीचं नव्हे. विजेच्या दिव्याचं, आणि तो कमी-जास्त करणाऱ्या माणसाचं.

पण वीज आली म्हणजे सामान आलं असं नाही. 1950 नंतर राज्य नाट्यस्पर्धेमुळे गावोगावी हौशी संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याजवळ काय होतं? पत्र्याचा डबा आडवा करून त्यात बसवलेला बल्ब, तोंडाला रंगीत जिलेटीन कागद, आणि मिठाच्या पाण्याचा डिमर. नवीन मुलांना हा प्रकार खोटा वाटतो, म्हणून सांगतो. चिनी मातीचा उभा पाइप किंवा बरणी घ्यायची, त्यात मिठाचं पाणी. तळाला धातूची एक पट्टी, दुसरी दोरीने वरून सोडलेली. दोन्ही तारा त्या पट्ट्यांना जोडलेल्या. वरची पट्टी खाली सोडत गेलं की दोन पट्ट्यांमधलं पाणी कमी होतं, विरोध घटतो आणि दिवा उजळत जातो. वर ओढली की मंद. सूर्योदय करायचा म्हणजे दोरी हळूहळू सोडायची! पाणी तापायचं, वाफा यायच्या, आणि चुकून हात लागला तर जिवाशी गाठ. आज कुणी हा प्रयोग करू नये. पण या बरण्यांवर कित्येक नाटकांच्या पहाटा झाल्या हे खरं आहे.

कोलकात्याचे तापस सेन हे या कामातलं भारतातलं सगळ्यात मोठं नाव. 1959 मध्ये उत्पल दत्तांच्या 'अंगार'मध्ये त्यांनी मिनर्व्हा थिएटरच्या रंगमंचावर कोळशाच्या खाणीत पाणी चढताना दाखवलं, ते निव्वळ प्रकाशाने. त्याच सुमारास 'सेतू'मध्ये रंगमंचावर रेल्वे धडधडत आल्याचा भास उभा केला. आजच्या मानाने त्यांच्या हाताशी असलेलं सामान फारच साधं होतं. आपल्याकडे 'आविष्कार'नं 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटकं सुरू केली. शाळेचा हॉल, मोजके दिवे, थोडे प्रेक्षक. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा मोठा काळ त्या हॉलमध्ये घडला. मग सामान नको का? हवंच. पण त्या हॉलमध्ये नाटक कळणारी माणसं होती, म्हणून मोजके दिवे पुरले.

आता आवाज. संगीत नाटकांच्या सुवर्णकाळात ध्वनिक्षेपक नव्हताच. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केलं, ते गळ्याच्या जोरावर. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं हे नटाचं काम होतं, आणि तो पोचू देणं हे इमारतीचं. इमारतीच्या या कामाचं शास्त्र वॉलेस सबीन या हार्वर्डच्या प्राध्यापकानं मांडलं. 1895 मध्ये त्याच्या विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना. शब्द उच्चारल्यावर साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबीननं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून ठेवल्या आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजलं. निष्कर्ष साधा: कडक पृष्ठभाग आवाज परत फेकतो, मऊ पृष्ठभाग तो पितो. भाषणासाठी आणि नाटकासाठी हे घुमणं साधारण एका सेकंदाच्या आसपास असावं लागतं.

पुढे माइक आला, आणि इमारत बांधणाऱ्यांनी ही काळजीच सोडून दिली. 'माइक आहे ना' हे उत्तर झालं. गावच्या जत्रेत वरून लोंबकळणारे माइक आठवतात? नट संवाद म्हणायला त्या माइकखाली यायचे, दोघांचं भांडण असलं तरी तोंड माइककडे. मोकळ्या मैदानात त्याला इलाज नव्हता. पण बंद सभागृहात चारही भिंती गुळगुळीत, खाली ग्रॅनाइट, वर पीओपी, आणि मग माइकचा आवाज वाढवत न्यायचा? त्याने शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही. उलट शिटी वाजायला लागते. आपल्या नाट्यगृहात मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवून बघा. मी काय म्हणतोय ते कळेल.

आता दिव्यांचा हिशोब. जुना हॅलोजनचा पार दिवा 1000 वॅटचा. चोवीस दिवे लावले तर 24 किलोवॅट, म्हणजे 230 व्होल्टला शंभराच्या वर अँपिअर. तीन फेजवर समान वाटले तरी प्रत्येकीवर 35 अँपिअर. हा भार एसीच्याच लाइनवर टाकला की तिसऱ्या अंकात काय होतं ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. एलईडीमुळे हे ओझं खूप कमी झालं, उष्णताही कमी. पण एलईडी म्हणून बऱ्याचदा येतात ते लग्नात डीजेच्या मागे लावायचे दिवे. निळा, जांभळा, हिरवा झकास. चेहऱ्यावर टाकले की माणूस आजारी दिसतो, आणि मंद करायला गेलं की उजेड झटक्याने विझतो. शिवाय दिवा कुठे आहे यालाही महत्त्व आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या मॅककँडलेसनं 1932 च्या पुस्तकात सांगितलेलं सूत्र अजून वापरात आहे: नटाच्या समोरून दोन बाजूंनी, साधारण 45 अंशांतून प्रकाश हवा. आपल्याकडे मुख्य बार बरोबर डोक्यावर आहे. म्हणून आपल्या नाटकांच्या फोटोंत सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. मेकअपवाल्याचा काही दोष नाही!

मागच्या खेपेला आलेल्या दिव्यांपैकी निम्मे आज बंद आहेत. डिमरच्या खोलीत झाडू आणि जुने बॅनर. कारण खरेदीला पैसे होते, देखभालीला नव्हते, आणि ते सामान ज्याचं काम आहे असा एकही माणूस नेमला नव्हता. सध्या दर प्रयोगाला संस्था भाड्याने सामान आणतात. बारा-पंधरा पोरं वर्गणी काढून नाटक बसवतात, त्यांच्या खर्चातला मोठा वाटा टेम्पो आणि दिव्यांच्या भाड्यात जातो. काही संस्थांनी याच कारणानं नाटक थांबवलं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. ते बघून रडणारे लोक आपण टीव्हीवर पाहिले. नाट्यगृह म्हणजे गावाचं काय असतं हे त्या रात्री कळलं. आपलं लहान आहे, पण आपलंच आहे.

म्हणून नगरपरिषदेकडे एवढंच मागायचं आहे:

1. 'एक संच' ही ओळ काढून दिव्यांची, डिमरची, माइकची नावानिशी आणि संख्येसह यादी द्या. तीच यादी रंगमंचाच्या दाराशी लावा.
2. प्रेक्षागृहाच्या छताला, रंगमंचाच्या पुढे, दिव्यांचा बार बसवा.
3. रंगमंचासाठी वेगळी थ्री-फेज लाइन, नीट अर्थिंग, आणि दरवर्षी विद्युत व अग्निसुरक्षेची तपासणी.
4. काच-ग्रॅनाइट ठरवण्याआधी आवाज किती घुमतो ते मोजून घ्या.
5. बिल देण्यापूर्वी स्थानिक संस्थांचा एक प्रयोग त्या सामानावर करून बघा.
6. एक कायम तंत्रज्ञ आणि देखभालीची वार्षिक तरतूद.

यातला सहावा मुद्दा सोडला तर बाकीच्या पाचांचा पाच वर्षांत पुन्हा भंगार होईल. मशालवाल्याला खेळ पाठ असायचा, म्हणून दीडशे वर्षांपूर्वी एका मशालीत भागत होतं. आपण लाखोंचे दिवे आणतोय, तर एक माणूसही नेमूया.

निवेदनाचा मसुदा तयार आहे. सही करायची असेल तर खाली नाव लिहा. आणि ज्यांच्याकडे गावातल्या जुन्या नाटकांचे फोटो असतील त्यांनी जरूर टाका, डब्यातल्या बल्बचे तर आवर्जून.