काळं ऑइल आणि पाच हजार किलोमीटर

"ऑइल पार काळं झालंय साहेब, बदलून टाका!" हे वाक्य ऐकलं नाही असा गाडीवाला आपल्याकडे सापडणं अवघड. गंमत म्हणजे ऑइल काळं झालं याचा अर्थ बहुतेक वेळा ते आपलं काम नीट करतंय असा असतो. पण हे मेकॅनिकला सांगून बघा! :-) ही समजूत आली कुठून हे शोधायला गेलो आणि थेट शंभर वर्षं मागे पोचलो.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये (१९०८-१९२७) ऑइल पंपही नव्हता आणि फिल्टरही नव्हता. फिरणारे भाग ऑइल उडवायचे, शिंतोडे जिथे पडतील तिथे वंगण! ऑइल म्हणजे नुसतं तेल, त्यात बाकी काही नाही. काजळी, धूळ, पाणी सगळं तळाशी गाळ होऊन बसायचं. तेव्हा ऑइल सारखं बदलणं हाच एक उपाय होता. १९२३ मध्ये अमेरिकेत पुरोलेटर नावाचा फिल्टर आला आणि जरा दिलासा मिळाला.

खरी क्रांती झाली ती १९४० च्या दशकात, ऑइलमध्ये रसायनं मिसळायला लागल्यावर. डिटर्जंट काजळी तळाशी बसू देत नाही, तेलात तरंगत ठेवतं. म्हणून ऑइल काळं दिसतं! त्याच काळात झेडडीडीपी हे झिंक आणि फॉस्फरसचं संयुग आलं. आधी ते बेअरिंग गंजू नये म्हणून घालत. मग लक्षात आलं की दाब आणि उष्णता मिळाली की ते धातूवर एक पातळ थर तयार करतं. धातूऐवजी तो थर झिजतो. एकदम स्वस्त आणि मस्त.

पुढे १९५० च्या दशकात मल्टिग्रेड आलं. २०डब्ल्यू-५० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर बरं का, वेट नव्हे. थंडीत पातळ आणि गरम झाल्यावर पुरेसं जाड, असं एकच ऑइल बारा महिने चालायला लागलं.

मग माशी शिंकली ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर. इंजिनात थोडंफार ऑइल जळतंच, आणि त्यातला फॉस्फरस कन्व्हर्टर निकामी करतो. आपल्याकडे १९९५ पासून आधी चार महानगरांतल्या नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तिकडे पातळ ग्रेडच्या ऑइलमधला फॉस्फरस कमी होत गेला: १९९६ च्या मानकात कमाल ०.१० टक्के, २००४ च्या मानकात ०.०८ टक्के.

आता प्रश्न असा, की जुन्या गाड्यांचं काय? माझ्या टीममधल्या एकाच्या वडिलांकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. चिरंजीवांनी बाबांवरच्या प्रेमापोटी तिच्यात सगळ्यात महागडं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक घालायचं ठरवलं. बाबा ठाम, "वीस-पन्नासच पाहिजे." घरात दोन आठवडे अबोला!

माझ्या मते बाबा बरोबर आहेत. पद्मिनीच्या इंजिनात कॅम सपाट टॅपेटवर घासत फिरतो आणि तिथे झिंकचा थर कामाला येतो. कागदोपत्री नवी मानकं बॅकवर्ड कम्पॅटिबल आहेत, आणि खरा धोका जास्त आहे तो कडक स्प्रिंगच्या किंवा नवा कॅम बसवलेल्या इंजिनांना, हेही खरं. पण फॉस्फरसची ती कमाल मर्यादा पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. शिवाय चाळीस वर्षं झिजलेल्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात, तिथे जाड ऑइलच दाब टिकवतं. आणि पद्मिनीला कन्व्हर्टरच नाही, मग जपायचं कुणाला?

तिचं ऑइल मात्र किलोमीटर बघून नाही, कॅलेंडर बघून बदलावं. रविवारी दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचं ऑइल पुरेसं तापतच नाही, मग त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. वर्षातून एकदा बदला, गाडी चालो न चालो.

आणि आपली रोजची गाडी? बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. आता साधं गणित करा. हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे साधारण १६७ तास. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ताशी २० धरले तर ५०० तास! ओडोमीटरला दोन्ही सारखेच, इंजिनाला नाहीत. म्हणूनच कठीण वापरासाठी वेगळं, कमी अंतराचं कोष्टक अनेक मॅन्युअलमध्ये असतं. ते पान सहसा कुणी उघडत नाही.

थोडक्यात, मेकॅनिकचं पाच हजार किलोमीटर अगदीच चूक नाही, फक्त त्याचं कारण चुकीचं आहे. रंगावर जाऊ नका. इंजिन कुठल्या काळातलं आहे आणि ते दिवसाचे किती तास चालतं, एवढं बघा.